कचऱ्यातून वीज : पहिले काम घरातले



चिक्कडपल्ली ही हैदराबाद शहरातील एक दाट वस्ती. तेथील घरांतून, खानावळींतून व भाजीच्या गाड्यांवरून निघणारा कचरा दाराशी आलेल्या गाडीत पडला, की गृहस्थाच्या दृष्टीने तो विषय संपतो. वस्तुतः तेथूनच त्याचा आरंभ होतो.

शहराच्या ईशान्येस असलेल्या जवाहरनगर येथे हैदराबादचा कचरा वर्षानुवर्षे साचत आला. त्याचे डोंगर झाले. दुर्गंधी व झिरपणारे काळे पाणी भोवतालच्या रहिवाशांच्या वाट्यास आले. याच जवाहरनगरात २०२० साली कचऱ्यापासून वीज निर्माण करणारे १९.८ मेगावॉट क्षमतेचे केंद्र सुरू झाले.

अशा केंद्रात कोरडा कचरा भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि जनित्रातून वीज मिळते. भट्टीचे तापमान किमान ८५० अंश सेल्सियस राखावे लागते. अन्यथा डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात अधिक उतरतात. म्हणूनच धूर चुना, कोळशाची विशिष्ट भुकटी व कापडी गाळण्या यांच्या साहाय्याने शुद्ध करावा लागतो. यावरून हे ध्यानी यावे, की गल्लीच्या कोपऱ्यावर कचरा पेटविणे म्हणजे त्याची विल्हेवाट नव्हे. ते शेजाऱ्यांना विष वाटणे होय.

दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने, दररोज ३०० टन कचरा जाळू शकणारे केंद्र उभारण्यात आले होते. ते अल्पावधीतच बंद पडले. येणारा कचरा ओला व मातीने भरलेला होता. त्यात जळण्याजोगा अंश पुरेसा नव्हता. भट्टी विदेशातून आणता येते; कचरा मात्र देशातलाच असतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पुनर्वापरास निरुपयोगी, पण किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठी वापरावा, असे सांगितले. ओल्या कचऱ्यात ही शक्ती नसते.

ओल्या कचऱ्याची जागा खताच्या खड्ड्यात वा गोबरगॅस संयंत्रात आहे. ग्रामस्थांस हे नवे नाही. अधिकाऱ्यांनी वेगळा दिलेला कचरा वाटेत पुन्हा एकत्र होणार नाही, हे पाहावे. शिक्षकांनी दोन टोपल्यांचा पाठ शाळेतच द्यावा. भाजीची देठे व फाटके कापड एकाच टोपलीत पडले, तर कोट्यवधींची भट्टीही पाणी आटविण्यातच खर्ची पडेल.