लिव्हरपूलचे पाणी

इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदर आणि वेल्सच्या डोंगरांतील कॅपेल केलिन हे चिमुकले खेडे यांचा संबंध जडला तो पाण्यामुळे. १९५६ साली या खेड्यातील माणसे मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांतून फलक घेऊन फिरली : ‘आमची घरे बुडवू नका.’ पुढल्याच वर्षी पार्लमेंटने ट्रवेरिन खोऱ्यात धरण बांधण्याचा कायदा संमत केला. वेल्सचे बहुतेक सर्व सभासद विरोधात होते; पण मोजदादीत ते थोडे पडले.

१९६५ साली शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर आणि वेल्श बोलणारा एक सबंध गाव पाण्याखाली गेला. दफनभूमीतील काही देह आप्तांनी अन्यत्र नेले. उरलेल्यांवर काँक्रीट अंथरण्यात आले. जिवंतांना नोटीस तरी देता येते!

नवल असे, की धरणापासून शहरापर्यंत थेट नळ नाहीच. पाणी ट्रवेरिन नदीत सोडतात. ती डी नदीस मिळते, आणि चेस्टरजवळ ते उपसून घेतात. म्हणजे गाव बुडविणारे पाणी नदीच्या जुन्याच वाटेने जाते.

लिव्हरपूलच्या नगरसभेने या प्रकरणी क्षमा मागितली, ती २००५ साली.