गृहसंस्थेची विहीर आणि तिची नोंदवही

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि दक्षिण-पूर्वेस डोंगर, या मर्यादांच्या आंत मीरा-भाईंदरची वस्ती वसली आहे. भाईंदर, नवघर, काशी, घोडबंदर, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन हीं येथलीं जुनीं गांवें. मिठागर, भातशेत आणि मासेमारी यांवर त्यांचा निर्वाह चाले, आणि गांवची विहीर हाच गांवचा पाणीपुरवठा असे. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या आठ लक्षांच्या वर गेली. इतक्या माणसांची तहान विहिरींनीं भागणें शक्यच नव्हतें. शहाड-टेमघर प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ यांनीं नळांनीं आणलेल्या उल्हास नदीच्या पाण्यावर शहराची मुख्य भिस्त अनेक वर्षें राहिली.

तथापि उन्हाळा आला आणि नळाची धार बारीक झाली कीं गृहसंस्थांचें लक्ष पायांखालच्या जमिनीकडे वळतें. आवारांत विंधनविहीर खणली जाते, किंवा कोपऱ्यांतली बुजत आलेली जुनी विहीर उपसून तिच्यावर पंप बसविला जातो. हें पाणी केवळ धुण्याभांड्यांसाठीं आणि बागेसाठीं, असा ठराव सभेंत होतो, आणि तो प्रामाणिकपणेंच होतो. परंतु त्याकरितां निराळी टांकी आणि निराळे नळ घालावयाचे तर खर्च येतो. मे महिन्यांतल्या एखाद्या अडचणीच्या दिवशीं विहिरीचें पाणी तळघरांतल्या मोठ्या टांकींत सोडलें जातें, तेथें तें नळाच्या पाण्यांत मिसळतें, आणि गच्चीवर चढून सर्व बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरांत उतरतें. त्या दिवसापासून ती गृहसंस्था, तिला ठाऊक असो वा नसो, एका लहानशा पाणीपुरवठा-खात्याची मालक झालेली असते.

महापालिकेच्या खात्यांत अभियंते असतात, प्रयोगशाळा असते, रात्रपाळीचे नोकर असतात, आणि चूक झाल्यास जाब विचारणारे नगरसेवकहि असतात. गृहसंस्थेच्या खात्यांत एक चिटणीस असतो, तो दिवसभर मुंबईच्या कचेरींत. आणि एक पंपवाला असतो, त्याला पंप केव्हां सुरू करावा आणि केव्हां बंद करावा एवढेंच सांगितलेलें असतें. पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं हें पाहणें, हें कोणाचेंच काम नसतें.

जमिनींतलें पाणी मुळांतच शुद्ध असतें अशी लोकांत दृढ समजूत आहे, आणि ती सर्वस्वीं खोटीहि नाहीं. वाळूच्या व मातीच्या जाड थरांतून पाणी सावकाश झिरपत गेलें म्हणजे तें गाळलें जातें आणि त्यांतले बहुतेक जंतु वाटेंतच अडकून मरतात. परंतु पश्चिम महाराष्ट्राचा काळा पाषाण हें गाळणें नव्हे. त्यांतलें पाणी भेगांतून आणि सांध्यांतून धांवतें. वर सांडलेली घाण मातीचा थर पातळ असेल तेथें फारसा अडथळा न होतां त्याच भेगांतून खालीं उतरते. विहीर शौचकूपापासून वा सांडपाण्याच्या नाल्यापासून निदान १५ मीटर दूर असावी, असा आरोग्यशास्त्राचा नियम आहे. दाटीनें उभ्या राहिलेल्या इमारतींच्या आवारांत १५ मीटरचा मोकळा भाग शोधूं गेल्यास तो कोठें सांपडावयाचा? उत्तनच्या बाजूस प्रश्न आणखी निराळा आहे. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा टाकला जातो, आणि त्यांतून झिरपणारें पाणी शेतांत व विहिरींत उतरतें, ही तेथील ग्रामस्थांची जुनी तक्रार आहे.

दुसरें संकट समुद्राचें. किनाऱ्यालगतच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण तें वजनानें हलकें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्यें गायबेन यानें आणि १९०१ सालीं जर्मनींत हर्झबर्ग यानें याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. म्हणजे उपसा करून पातळी एक फूट खालीं नेली, कीं खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें. फटींच्या खडकांत हें गणित तंतोतंत जुळत नाहीं, परंतु त्याची दिशा तीच राहते. एका इमारतीनें खोल विहीर घेतली, शेजारणीनें तिच्याहून खोल घेतली, आणि दोघींचेंहि पाणी मचूळ झालें, तर त्यांत नवल तें काय?

खारटपणा निदान जिभेला तरी कळतो. जंतु कळत नाहींत. आजकाल पुष्कळ घरांतून पाण्यांत बुडवावयाचें एक छोटें यंत्र असतें, त्याला टी.डी.एस. मीटर म्हणतात. तें पाण्यांतल्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतें, आणि आंकडा लहान दिसला कीं यजमान संतुष्ट होतो. पटकीच्या जंतूंनीं भरलेल्या पेल्यांतहि हा आंकडा उत्तम येऊं शकेल! भारतीय मानक संस्थेचें आय.एस. १०५०० हें पिण्याच्या पाण्याचें मानक आहे. त्याची चालू आवृत्ति २०१२ सालची. त्याप्रमाणें विद्राव्य क्षार लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरें पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. क्लोराइडला, म्हणजे खारटपणाला, अशीच २५० आणि १,००० ची सवड आहे. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढें सवड नाहीं, कारण तें तान्ह्या मुलांच्या रक्ताला बाधतें. आणि विष्ठेंतून येणारा ई-कोलाय हा जंतु १०० मिलिलिटर पाण्यांत एकहि आढळतां कामा नये. हें मानक उत्तम आहे. परंतु तें मानक आहे, प्रत्येक विहिरीच्या मालकाला शासन करणारा कायदा नव्हे. तें पाळणें बऱ्याच अंशीं पाळणाऱ्याच्या इच्छेवर राहतें.

इच्छेवर सोडलेल्या गोष्टीचें काय होतें, याचें उदाहरण दूरच्या देशांतलें आहे, पण विहीर तशीच लहान आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत वॉकर्टन नांवाचें सुमारें पांच हजार वस्तीचें गांव आहे. त्याचा पुरवठा विंधनविहिरींवर चाले. २००० सालच्या मे महिन्यांत तेथें कांहीं दिवस मुसळधार पाऊस झाला. पांच क्रमांकाची विहीर उथळ होती आणि शेजारीं शेत होतें. शेतांत गुरांचें खत पसरलेलें होतें. शेतकऱ्यानें तें रीतीप्रमाणेंच पसरलें होतें, आणि पुढील चौकशींत त्याला दोष लागला नाहीं. पावसाबरोबर खतांतले जंतु विहिरींत उतरले. सात माणसें दगावलीं आणि २,३०० हून अधिक आजारी पडलीं.

त्या विहिरीवर क्लोरीन घालण्याची व्यवस्था होती. दररोज क्लोरीन मोजून तक्त्यांत आंकडा लिहावा, असा नियमहि होता. तक्ते भरलेले होते, आंकडे सुबक होते. मात्र बहुतेक दिवशीं कोणी कांहीं मोजलेंच नव्हतें. मोजल्यावांचून ठरीव आंकडे भरावयाचे, अशी तेथें वर्षानुवर्षें वहिवाट पडली होती. प्रयोगशाळेनें पाणी दूषित असल्याचें कळविलें, तेव्हां व्यवस्थापकानें तें लपविलें, आणि आरोग्य-अधिकाऱ्यांनीं विचारलें असतां पाणी ठीक आहे, असें उत्तर दिलें. न्यायमूर्ति ओकॉनर यांच्या चौकशीचे अहवाल २००२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतली एक गोष्ट वाचतांना मन थबकतें. त्या नोकरांना कोणाचा घात करावयाचा नव्हता. गांवचें पाणी मुळांतच निर्मळ आहे अशी त्यांची खरीखुरी समजूत होती, आणि क्लोरीन न घातलेलें तें पाणी ते स्वतःहि पीत. क्लोरीनच्या वासाबद्दल गांवकऱ्यांची कुरकुर असे, तेवढी मात्र त्यांच्या ध्यानांत राहिली.

वासाची ही कुरकुर मीरा-भाईंदरच्या गृहसंस्थांतहि ऐकूं येते. तिच्यापुढें चिटणीसानें नमावें कीं नाहीं, हा खरा प्रश्न. क्लोरीनचें काम अवघड नाहीं. ब्लीचिंग पावडर, जिला खेड्यांतून टी.सी.एल. म्हणतात, ती ताजी असेल तर तिच्यांत सुमारें ३३ टक्के क्लोरीन असतो. डबा उघडा राहिला कीं तो उडून जातो आणि हातीं नुसता चुना उरतो. १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर, हें साधारण प्रमाण. ती बादलींत कालवावी, चुना खालीं बसूं द्यावा आणि वरची निवळ टांकींत सोडावी. त्यानंतर अर्धा तास तरी पाणी वापरूं नये. मग शेवटच्या इमारतींतल्या वरच्या मजल्याच्या नळाला लिटरमागें ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला असला पाहिजे. पूर्वीं हें ऑर्थोटॉलिडीनच्या पिवळ्या रंगावरून पाहत. आतां गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. गोळी अधिक पसंत करतात. काम दोन मिनिटांचें आहे. घरगुती विहिरीसाठीं नागपूरच्या नीरी संस्थेनें एकांत एक ठेवलेल्या दोन मडक्यांची सोपी युक्ति काढली. आंतल्या मडक्यांत पावडर व वाळू भरून तीं मडकीं पाण्यांत लोंबत ठेवलीं, म्हणजे दोन-तीन आठवडे क्लोरीन थोडाथोडा सुटत राहतो. उत्तन-डोंगरीच्या अंगणांतल्या विहिरींना ती आजहि साजेल. अर्थात् क्लोरीन जंतु मारतो. मीठ, नायट्रेट किंवा कचऱ्यांतली रसायनें यांवर त्याची मात्रा चालत नाहीं, त्यांसाठीं प्रयोगशाळेचा दाखलाच हवा.

महाराष्ट्राच्या खेड्यांतून पाण्याच्या उद्‌भवांची पाहणी पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षांतून दोनदां होते. विहिरीभोंवतीं डबकें आहे काय, कट्टा फुटला आहे काय, पावडर सांठविलेली आहे काय, हें पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतात. लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला गांवांत तोंड द्यावें लागतें. शंभर घरांच्या खेड्याला ही लाज आहे. दोनशें बिऱ्हाडांच्या गृहसंस्थेच्या दारावर असें कार्ड लावावयाला कोणी येत नाहीं.

तेव्हां तिची पाहणी तिनेंच केली पाहिजे, आणि त्याकरितां दोन रुळांची एक वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, कोणत्या नळाचें पाणी, क्लोरीन किती उरला, पंप किती तास चालला, विहिरींत पाणी किती खोल लागलें, आणि मोजणाऱ्याची सही. खालच्या पातळीचा रकाना पुष्कळजण गाळतात. पण मीठ वर येऊं लागलें आहे, हें जिभेच्या कित्येक महिने आधीं तोच सांगतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जंतूंची तपासणी करून घ्यावी, आणि दाखला कपाटांत न ठेवतां जिन्याखालच्या फळ्यावर लावावा, मग तो चांगला असो वा वाईट.

वहींत कधींतरी असाहि दिवस येईल कीं पंपवाला गांवीं गेला आहे, गोळ्या संपल्या आहेत आणि चिटणीस रात्रीं नऊला घरीं परतला आहे. आदल्या दिवशींचा आंकडा खालीं उतरविणें त्या वेळीं अत्यंत सोपें असतें, आणि तो बहुधा बरोबरहि असेल. अशा रात्रीं त्या रकान्यांत "आज मोजणी झाली नाहीं" एवढें लिहावें, आणि पाणी उकळून प्यावें अशी चिठ्ठी प्रत्येक दारांत टाकावी.