पदव्या मुक्कामाला, कल्पना कामाला

नवीन पनवेलला लागून असलेलं विचुंबे मूळचं शेतीचं गाव. आता तिथे इमारती झाल्या आणि त्यांतले कितीतरी पदवीधर सकाळी हार्बरची लोकल गाठतात. शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य यांना अर्थशास्त्रात मानवी भांडवल म्हणतात. गावातल्या पदव्या मोजल्या, तर हे भांडवल विचुंब्यात भरपूर भरेल. पण ते इथे फक्त मुक्कामाला असतं. नवी युक्ती सुचते ती जिथे काम अडतं तिथे.

किर्लोस्करवाडीचंच पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली औंध संस्थानानं दिलेल्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना हलवला; तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. तिथे कॉलेज नव्हतं. पण शिकलेला माणूस, लोखंड ओतणारे हात आणि नांगर धरणारा शेतकरी हाकेच्या अंतरावर होते.

दुसरं उदाहरण आपल्या पनवेल तालुक्यातलंच. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. पवईच्या आयआयटीतले शास्त्रज्ञ आणि टाटाचे डॉक्टर यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर देशी कार-टी उपचार घडवला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, रोगट पेशी ओळखतील असा बदल त्यांत करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात काही कोटींत जाणारा हा उपचार इथे सुमारे दहाव्या हिश्शात आला. प्रयोगशाळेतल्या विद्येला रुग्णाच्या खाटेजवळचा डॉक्टर भेटला नसता, तर हे घडलं नसतं.

म्हणून कुठल्याही भागाची ताकद नुसत्या पदव्यांवरून ठरवू नये. त्या विद्येला तिथले अडलेले प्रश्न भेटतात का, ते विचारावं. विचुंब्याच्या आसपास इंजिनीअरिंग कॉलेज आहे, पनवेलला आयटीआय आहे, तळोज्याला कारखाने आहेत, आणि आता विमानतळही आला. कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय इंटरनेटवरून उचलण्यापेक्षा तळोज्याच्या एखाद्या फोरमनला विचारून घेतला, तर सुरुवात याच वर्षी होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.