परदेशी पाहुणे आणि आपली कुत्री



शिरवण्याच्या गल्लीत कुत्रे गुरगुरले, की आपला हात आधी दगडाकडे जातो. तशाच कुत्र्यांना लस टोचण्यासाठी परदेशचे पशुवैद्य आणि स्वयंसेवक गोव्यात येतात. ‘मिशन रेबीज’चे हे कार्य भारतात २०१३ साली सुरू झाले. गोवा सरकारच्या साह्याने ही मंडळी हाती जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडली. दहांतील सात कुत्री टोचली, की रोगाची साखळी तुटते, हे त्यांचे साधे गणित. २०२१ साली गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

१८३२ साली इंग्रज अंमलदार मुंबईत कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी बांधव रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी परके मारीत होते व आपण वाचवीत होतो. आज वाचवायला परके यावेत, हे आम्हांला बोचते.

पाहुणा चार दिवसांनी परततो. पिल्ले मात्र दरसाल होतात, लसही पुन्हा टोचावी लागते. कोणते कुत्रे कोणाच्या ओट्याखाली निजते, हे आपल्यावाचून कोणास ठाऊक? लस टोचणारे येतील, तेव्हा तेवढे दाखवू या. चावा झालाच, तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठू या. एवढे जमले, तरी आजचे बोलणे सार्थकी लागले, असे आम्ही मानू.