वर्धेच्या काठचा वारस

वणीहून वरोऱ्याला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. 1803 साली देवगावच्या तहानं ही नदी सीमा ठरली. अलीकडचा वऱ्हाड, म्हणजे आपला यवतमाळचा मुलूखसुद्धा, नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. पलीकडचं राज्य भोसल्यांकडे राहिलं.

पन्नास वर्षांनी दोन्ही काठ ईस्ट इंडिया कंपनीनं घेतले. 1853 च्या मे महिन्यात निजामाच्या फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड तिच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी 11 डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता. नात्यातल्या यशवंतराव अहिरराव या तरुणानं उत्तरक्रिया केली. थोरल्या राणी अन्नपूर्णाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं जानोजी. नवऱ्यामागे विधवेनं दत्तक घेणं आपल्या मराठी घरांत जुनंच. वाड्याला वारस मिळाला होता.

गव्हर्नर जनरल डलहौसीला मात्र तो मान्य नव्हता. राजानं हयातीत दत्तक घेतला नाही, सबब राज्य खालसा. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट मॅन्सेल यानंही राजाची गादी ठेवावी असं सुचवलं होतं. कुणी ऐकलं नाही. डलहौसीच्या टिपणात वारसाहक्काबरोबर इथल्या कापसाचाही हिशेब आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा चांगला, स्वस्त कापूस वऱ्हाडात आणि लगतच्या मुलखात पिकतो, हे त्यात मांडलंय. आपल्या काळ्या मातीचा तो उल्लेख वाचताना आजही राग येतो. वारसाचा कायदा बदलायला आपलंच पीक कारणी लागलं!

1854 मध्ये राज्य गेलं. मग वाडा रिकामा करायला घेतला. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल भावानं विकले. जडजवाहीर कलकत्त्याला विकायला पाठवलं. दुसऱ्या रघुजींच्या विधवा, वयोवृद्ध बांकाबाई, हे सगळं पाहत होत्या. राज्य तर गेलंच होतं, पण घरातलं माणूस गेलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांचा संसार बाजारात काढला, ही गोष्ट मला खालसा करण्याच्या हुकुमापेक्षा क्रूर वाटते.

1857 चा उठाव झाला आणि कंपनीचं राज्य संपलं. व्हाइसरॉय कॅनिंगच्या काळात संस्थानिकांच्या दत्तकाला मान्यता मिळाली. जानोजींनाही घराण्याचे वारस मानलं गेलं, राजेबहादूर ही पदवी मिळाली. पण ती नागपूरची नव्हे, साताऱ्याकडच्या देऊर गावची. नागपूर 1861 मध्ये इंग्रजांच्या मध्यप्रांताची राजधानी झालं.