वैमानिकांची संघटना : सभासद व्हावे की न व्हावे?



विमानातले आम्हांला काही कळत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आमचे आयुष्य कारखान्यांच्या गेटवर गेले. शाळा दहावीला सुटली, आणि पुढे जे काही थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगर वाचनालयातून. अशा माणसाने अमेरिकेतल्या खाजगी वैमानिकांच्या संघटनेवर बोलावे याचे आपणांस नवल वाटत असेल. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनाही वाटले. त्यांनी विषय दोनदा विचारून घेतला.

याला कारण एका मुलाने विचारलेला प्रश्न आहे. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजे शहरी नोकरीला आहे. तिकडे मध्यम पगाराचा माणूसही सुट्टीच्या दिवशी तासाच्या भाड्याने लहानसे विमान घेऊन उडवायला शिकतो. हा मुलगाही शिकू लागला. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इथे वैमानिकांची एक मोठी संघटना आहे. सभासद हो म्हणून सारखी पत्रे येतात. वर्गणी भरून मला मिळणार काय? तुम्ही जन्मभर वर्गणी गोळा केलीत, तुम्हीच सांगा."

तेव्हा त्याला चटकन उत्तर देता आले नाही. हिवाळाभर वाचले, विचार केला, आणि जे सुचले ते आज आपणांपुढे ठेवतो. प्रश्न विमानाचा दिसतो, पण तो आपल्या पतपेढीचा, सहकारी सोसायटीचा, युनियनचाही आहे.

प्रथम ही संघटना कोणती ते सांगतो. 'एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन', म्हणजे विमानमालकांचा आणि वैमानिकांचा संघ. १९३९ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फियाजवळच्या एका लहान विमानतळावर जमणाऱ्या काही हौशी लोकांनी तो काढला. आज त्याची कचेरी मेरीलँड राज्यात फ्रेडरिक या गावी आहे आणि सभासद तीन लाखांच्या आसपास. ही कामगार संघटना नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पगारी वैमानिकांची युनियन वेगळी, ती १९३१ सालची. हा हौसेने, धंद्याच्या सोयीसाठी, स्वतःच्या खर्चाने उडणाऱ्यांचा संघ. त्यात लक्षाधीश आहेत, आणि चौघांत मिळून एक जुने विमान बाळगणारे मास्तर आणि मेकॅनिकही आहेत. वर्षाची वर्गणी म्हणाल तर तासभराच्या विमानभाड्याहून कमी.

आता मिळते काय? मासिक मिळते. शंका आली तर फोनवर सल्ला मिळतो. जादा पैसे भरले तर परवान्याच्या भानगडीत वकील मिळतो. विम्याची आणि इतर वस्तूंची पत्रेही मिळतात, आणि ती फार येतात अशी सभासदांची तक्रार आहे. मुलाने हा सारा हिशोब मांडला होता. मासिकाचे इतके, सल्ल्याचे इतके. बेरीज वर्गणीएवढी भरते की नाही? किराणा दुकानातला हिशोब म्हणून तो बरोबर आहे. पण तो चुकीच्या वहीत लिहिलेला आहे.

दुसरी वही उघडून पाहू. अमेरिकेत १९७८ साली लहान विमाने सुमारे १७,८०० तयार झाली. १९९४ साली ती ९२८ वर आली. मंदी वगैरे कारणे होतीच. पण एक मोठे कारण असे की, तीसचाळीस वर्षांपूर्वी बनवलेल्या विमानाला अपघात झाला तरी कारखान्यावर दावा लागे, आणि त्या दाव्यांचा नि विम्याचा बोजा प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीवर चढे. सेसना कंपनीने तर १९८६ साली लहान विमाने बनवणे बंदच केले. या संघाने इतरांबरोबर वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला की अठरा वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाबद्दल बनवणारावर सहसा दावा चालणार नाही. अपघातग्रस्तांच्या बाजूने पाहिले तर या कायद्यावर आक्षेप घेता येतो, आणि कामगार कार्यकर्ता म्हणून आम्हीही तो घेऊ. पण परिणाम झाला खरा. सेसनाने कॅन्सास राज्यात नवा कारखाना घातला आणि १९९६ पासून लहान विमाने पुन्हा बनू लागली.

दुसरे उदाहरण. खाजगी वैमानिकाला ठराविक मुदतीने सरकारमान्य विमान-डॉक्टराचा दाखला लागे. या संघाने आणि 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' या दुसऱ्या संघटनेने मिळून २०१२ साली सरकारकडे अर्ज केला. २०१६ साली कायदा झाला आणि १ मे २०१७ पासून नवी रीत आली. ज्याने पूर्वी एकदा असा दाखला मिळवला आहे त्याने आता चार वर्षांतून एकदा साध्या परवानाधारक डॉक्टराकडून तपासून घ्यावे, दोन वर्षांतून एकदा अभ्यासक्रम पुरा करावा, आणि ठरलेल्या मर्यादेत उडावे. हजारो उतारवयीन वैमानिकांचे उडणे त्यामुळे टिकले.

मंडळी, हा कायदा फक्त सभासदांना लागू झाला काय? नाही. ज्याने एक डॉलर दिला नाही त्यालाही तो सवलत देतो. रस्त्यावर दिवा लावला की वर्गणी न देणाऱ्याच्याही पायाखाली उजेड पडतो. मग वर्गणी द्यायची कशाला?

मॅन्सर ओल्सन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली या एका प्रश्नावर पुस्तक लिहिले. ते आम्ही कोश जवळ घेऊन तीनदा वाचले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जमाव मोठा असला की प्रत्येकाला वाटते, माझ्या एकट्याच्या पैशाने काय अडते, फळ तर मिळणारच आहे. म्हणून मोठ्या संघटनेला केवळ सभासदालाच मिळेल असे काहीतरी द्यावे लागते. ते मासिक, तो सल्ला, तो विमा, ही सारी त्याचीच रूपे. म्हणजे मुलगा ज्याची बेरीज करीत होता ते माणसाला दारात आणण्यासाठी ठेवलेले गुळाचे खडे आहेत. घर आत आहे.

हे पुस्तक हाती येण्याच्या आधी आम्ही ते गेटवर अनुभवले होते. आणि हे सांगताना जरा जड जाते, कारण ही गोष्ट या मुलाच्या वडिलांची आहे. त्यांची परवानगी घेऊनच सांगत आहोत.

ते पॉवर प्रेसवर कामाला होते. पावती-पुस्तक घेऊन गेलो की हसून म्हणत, "युनियनला देऊन मला काय मिळणार? करार झाला की वाढ मला मिळतेच." आणि त्यांचे खरे होते. त्या वेळच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार साऱ्या कामगारांना बांधून असे. सभासद असो वा नसो. चार वर्षे त्यांनी वर्गणी दिली नाही. त्यांचे पाहून त्यांच्या खात्यातल्या आणखी चाळीसएक जणांनी दिली नाही.

पाचव्या वर्षी प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कारखान्याने म्हटले, जाळी याने स्वतः काढली होती. आणि कामावरून कमी केले. आम्ही त्यांची केस घेतली. सभासद नाही म्हणून वाऱ्यावर सोडावे, असे कमिटीत दोघे म्हणाले. बाकीच्यांनी ते मानले नाही. कामगार न्यायालयात दोन वर्षे तारखा पडल्या. शेवटी ते कामावर परत लागले. पण त्या दोन वर्षांत त्यांच्या घरी धान्य पोचवायला आमच्या मदत फंडात तीन महिन्यांपुरतेच पैसे निघाले. फंड रिकामा का होता, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. वहिनींनी जेवणाचे डबे करून द्यायला सुरुवात केली. हा मुलगा तेव्हा सातवीत होता. सकाळी शाळेआधी सायकलवरून तो डबे पोचवी.

कामावर रुजू झाल्यावर वडील कचेरीत आले आणि चार वर्षांची मागची वर्गणी टेबलावर ठेवली. खजिनदारांनी ती घेतली नाही. म्हणाले, "मागच्या तारखेची पावती फाडता येत नाही. या महिन्याची फाडतो." त्यांनी ती घेतली आणि निवृत्त होईपर्यंत एक महिना चुकवला नाही.

म्हणून मुलाला आम्ही पहिली गोष्ट ही सांगितली : तू ज्या विमानात शिकतोस, ज्या धावपट्टीवर उतरतोस, त्यांच्यासाठी कोणीतरी तुझ्याआधी वर्गणी भरून ठेवली आहे. तुझा हिशोब शून्यापासून सुरू होत नाही, देण्यापासून होतो.

पण एवढ्यावर थांबलो तर ते प्रचारकाचे भाषण होईल. संघटना हरतेही. शिकागोत सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. तो राखण्यासाठी हा संघ झटत होता. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमाने बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खणून गेले. सोळा विमाने जागच्या जागी अडकली. विमानतळ गेला तो गेलाच. आज तिथे उद्यान आहे. शहराला दंड झाला तो ३३,००० डॉलर. मात्र त्याच वर्षी कायद्यात भर पडली की, सूचना न देता असा विमानतळ बंद केला तर दिवसाला १०,००० डॉलर दंड. संपात हरून पुढच्या करारात एखादे कलम मिळवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

आणि हरण्याहूनही अवघड प्रसंग असतो. संघटना आपल्या हितासाठी भांडते तेव्हा कधीकधी समोर मालक किंवा सरकार नसते, शेजाऱ्याचे पोर असते. या लहान विमानांच्या पेट्रोलात अजून शिसे असते. मोटारींच्या पेट्रोलातून ते अमेरिकेत कधीच गेले. विमानांत राहिले, कारण काही जोरदार इंजिने त्यावाचून सुरक्षित चालत नाहीत. आमचा मुलगा शिकतो त्याच सॅन होजे शहरात रीड-हिलव्ह्यू विमानतळ आहे, आणि भोवती दाट वस्ती. २०२१ साली तिथल्या काउंटीने करवून घेतलेल्या पाहणीत, विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आढळले. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने तिथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद केली. वैमानिकांच्या संघांनी हरकत घेतली : चुकीचे इंधन भरले गेले तर इंजिन हवेत बंद पडेल. २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले की हे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोका आहे. २०२४ च्या कायद्याने, बदली इंधन न मिळाल्यास २०३० अखेरपर्यंत विमानतळांनी जुने इंधन उपलब्ध ठेवावे असे ठरले. २०३० पर्यंत शिसे घालवावे, हे संघालाही मान्य आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रसायनांच्या कारखान्यात युनियन चालवणाऱ्याला हा पेच ठाऊक असतो. आत रोजगार आणि बाहेर विहिरीचे पाणी. आम्ही स्वतः एकदा अशा वेळी गप्प बसलो होतो. रोजगार वाचला, पण पुढे त्या वस्तीतून जाताना मान वर होत नसे. मुलाला आम्ही विचारले, तुझ्या शिकवणीच्या विमानाचा धूर कोणाच्या अंगणात जातो ते पाहिलेस का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग सभासद होऊ नको म्हणता का?"

आम्ही म्हणालो, नाही. म्हणूनच हो. बाहेर राहणाऱ्याला फळ फुकट मिळते, पण बोलण्याचा हक्क फुकट मिळत नाही. बाहेरून तू शिव्या देशील, त्या कोणी ऐकणार नाही. आतून पत्र लिहिशील, शिशाविना इंधन लवकर आणण्याचा आग्रह धरशील, तर ते निदान सभासदाचे पत्र असेल. अर्जावर सही करण्यापूर्वी मात्र नीट वाच. आपले मत प्रॉक्सीने दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतोस का, पुढाऱ्यांना पगार किती, पैसा कुठे जातो, हे विचार. विचारल्याचा राग येणारी संघटना असेल तर पुढच्या वर्षी पावती घेऊ नकोस. आणि मासिकापुरताच सभासद होणार असशील, तर ते मासिक वाचनालयात वाच.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याने वर्गणी भरली आहे आणि इंधनाबद्दल पहिले पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. वडिलांना हे सांगितले, तर ते तीन बोटांच्या हाताने चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पावती जपून ठेव म्हणावं."