आडव्या रेघेतले शास्त्र

(मुरगाव येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा अंश)

'केशिका विद्युतसंचारण-द्रव्यमान वर्णपटमिती' हे नाव ऐकून तुमच्यापैकी निम्मे हसले. हसा. साहित्याचा प्राध्यापक असे काही बोलू लागला की हसू येणारच. पण या नावातली खरी अवघड गोष्ट म्हणजे मधली आडवी रेघ, आणि आपण तीच शिकवत नाही.

रेघेच्या अलीकडचे सांगता येते. साधारण 50 मायक्रोमीटर पोकळीची सिलिकाची नळी. तिच्या दोन टोकांमध्ये 20 ते 30 हजार व्होल्ट. आतले रेणू आपापल्या विद्युतभाराप्रमाणे आणि आकाराप्रमाणे कमीअधिक वेगाने सरकतात, वेगळे होतात. रेघेच्या पलीकडे निर्वात यंत्र. ते वस्तुमान आणि भार यांचे गुणोत्तर मोजून आलेला रेणू ओळखू देते.

मुरगावकरांना बार्ज ठाऊक आहे. डिचोलीकडचे खनिज मांडवीतून बार्जमध्ये येई. कसोटी लागे ती ते मोठ्या जहाजावर चढवताना. इथेही तसेच. एरवी नळीचे दुसरे टोक द्रवाच्या बाटलीत असते, बाटलीत विद्युतअग्र असते आणि मंडल पूर्ण होते. आता त्या टोकाशी बाटलीच नाही. द्रवाचे तुषार करून यंत्रात सोडायचे आहेत. मग मंडल कसे जोडायचे? 1987 साली अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ही जोडणी करून दाखवली. तुषारांचे तंत्र जॉन फेन यांचे. त्यासाठी त्यांना 2002 चे नोबेल मिळाले.

दुसरी अडचण मिठांची. नळीत फॉस्फेट, बोरेट खुशाल चालतात. यंत्रात मात्र त्यांचा थर बसतो. म्हणून उडून जाणारे अमोनियम ॲसिटेट किंवा फॉर्मिक आम्ल घ्यावे लागते, वेगळेपणा थोडा कमी साधला तरी. व्याकरण शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. 'जगत्' आणि 'नाथ' जोडताना 'त्' आपले रूप सोडून 'न्' होतो, 'नाथ' तसाच राहतो. इथे नळी 'त्' आहे.

नववीच्या मुलाला ही संधी कळते. त्याला यंत्राची जोडणी मराठीतून का कळू नये? आपण त्याला नाम पाठ करायला देतो, क्रियापद देत नाही.

मंडल जोडण्याचा एक रूढ उपाय म्हणजे नळीभोवती दुसरी नळी घालून तिच्यातून वाहक द्रव सोडणे. तो टोकाशी मिसळतो आणि वीज वाहून नेतो; पण नमुना पातळ करतो, त्यामुळे अल्प मात्रेतले रेणू हुकू शकतात. या द्रवाला 'आवरणद्रव' म्हणता येईल. मला 'सोबतीचा द्रव' बरे वाटते. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी चहाच्या वेळी यावर भांडावे.